चौऱ्याऐंशी नंबरचा घाडी

पाठीवर आडनाव मावलं नाही.
घाडीगावकर?
छापणारा म्हणाला, खांद्यापासून खांद्यापर्यंत
एवढी अक्षरं कुठे बसवू?
मग नुसतं घाडी, खाली चौऱ्याऐंशी,
आणि तीन सीझन मी तेवढाच होतो.

त्याआधी लालबागच्या मंडळात खो-खो.
एकदा साडेपाच मिनिटं काढलेली,
खांबाशी हूल देऊन, कमरेतून वळून.
खो-खोत हातात काही घ्यायचं नसतं,
कुणाच्या हाती लागायचं नसतं, बस.
आणि हा बॉल, दोन्ही टोकांना निमुळता,
पडला तर कुठे उडेल
ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही.

बाबा विचारायचे,
फुटबॉल म्हणता, मग पाय कुठे लावता?
पाय पळायला, बाबा.
मग बॉल कशाला घेता बरोबर?

तेमसू सर दिमापूरचे.
वडाळ्याच्या मैदानात चपलेच्या टोकानं
मातीत रूट काढायचे :
सरळ दहा पावलं, अकराव्याला आत.
म्हणायचे, छातीनं नाही, हातांनी.
छाती बॉल परत करते.

आणि फेकणारा आन्सेल, वाकोल्याचा.
मी वळायच्या आधीच त्याचा हात सुटलेला.
आठव्या पावलाला बॉल हवेत,
जिथे कुणीच नाही अशा जागेकडे निघालेला.
पहिल्या दिवशी मी ओरडलो,
अरे, मी तिथे नाहीये!
तो म्हणाला, माहितीये.
येशील.

सव्वीस मॅच. एकोणसत्तर कॅच. सात टचडाउन.
आकडे माझ्या वहीतले,
लीगनं ठेवले नाहीत.
बघायला चारशे माणसं,
त्यातली निम्मी
मैदान कधी रिकामं होतंय म्हणून बॅट घेऊन उभी.
तिसऱ्या सीझनचे दोन चेक वटले नाहीत.
उजवी करंगळी वटली, पण वाकडी,
ती अजून तिच्या वेगळ्याच रूटवर आहे.

शेवटची मॅच.
मी एकटा. मागे कुणी नाही, बाजूला कुणी नाही.
आन्सेलनं आयुष्यात दिलेला सगळ्यात मऊ बॉल,
भाकरी वाढावी तसा.
आणि मी बघितलं
बॉलकडे नाही,
पुढच्या मोकळ्या गवताकडे.

त्या एकोणसत्तरांतला
एकही मला धड आठवत नाही.

लीग मिटली. हेल्मेटं शिवडीच्या गोदामात गेली,
तिथून कुठे कुठे.
एक मला कॉटन ग्रीनला दिसलं, स्कूटरवर,
तोंडावर जाळी,
मागे बसलेली बाई एकदम निर्धास्त.

आता सहारला, कार्गोत.
पपया, औषधं, कुणाच्या तरी लग्नाचे शेरवानीचे खोके.
वरून सरकत येतात.
सुपरवायझर म्हणतो, घाडी, पोटाशी धर की, पाठ जाईल.
मी हातांनीच घेतो.

पाळी संपते, दीड वाजता घर.
बिल्डिंगचं गेट बंद असतं.
चौथ्या मजल्यावरून वृंदा किल्ली टाकते,
रुमालात गाठ मारून.
खाली बघत नाही.
माझ्या बुटांचा आवाज इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी पोचला
की टाकतेच,
मी अजून बारा पावलं लांब.

काल सुटली.
तिच्या गॅलरीत दिवा होता,
मी दिव्याकडे बघत होतो.
रुमाल गटाराच्या जाळीवर, किल्ली त्यातून कुठेतरी.
वरून आवाज आला, मिळाली?
म्हटलं, नाही गं. सुटली.

मोबाइलच्या उजेडात वाकून शोधत राहिलो,
गुडघा कुरकुरला त्याला कुरकुरू दिलं.
ती आत गेली नाही.
कठड्यावर कोपरं टेकून उभी राहिली,
तिकीट काढून आलेल्या
आणि शेवटपर्यंत न उठणाऱ्या
माणसासारखी.